मागच्या भिंतीचा पट्टा

माय,

मी गेल्या सोमवारपासून बालाघाटात आहे. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एका लॉजवर उतरले आहे. आज रविवार, काम बंद. सकाळचे दहा वाजलेत, खाली पोह्यांच्या गाडीवर लोक उभे आहेत आणि मी खोलीत एकटी बसून तुला लिहिते आहे. मी इथं आले आहे हे ज्याला सांगावं असं या बाजूला आता कोणी उरलेलं नाही. मावशी गेली, तिची पोरं पुण्याकडं गेली. दिल्लीला 'पोचले' एवढं कळवायचं तरी ऑफिसशिवाय दुसरा नंबर नाही. म्हणून तुला सांगते. तुझ्या बोलीत लिहायचं ठरवून बसले होते, पण दोन ओळींत अडले. 'मले' लिहिलं आणि ते माझं मलाच खोटं वाटलं. तेव्हा हे असं, शाळेत शिकलेल्या मराठीत. तुला सहीपुरतीच अक्षरं येत होती. कुठल्याही मराठीत लिहिलं असतं तरी तुला ते कोणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वाचून दाखवणारी मीच होते.

माझं काम तुला कधी नीट सांगता आलं नाही. तू होतीस तेव्हा मी पुलांवर होते, आणि 'पूल बांधते' म्हटलं की तुझं समाधान व्हायचं. आता मी काही बांधत नाही, दुसऱ्यांनी बांधलेलं पाहत फिरते. देशातल्या प्रत्येक जिल्ह्यात कशी घरं आहेत, किती मातीची, किती विटांची, कशावर कवेलू, कशावर स्लॅब, शाळा कुठं, दवाखाने कुठं, दाट वस्ती कुठं, हे गोळा करायचं. आणि खालची जमीन हलली तर कुठं किती पडेल, किती माणसं आत सापडतील, याचा अंदाज काढायचा. त्यावरून सरकार ठरवणार की कुठल्या इमारती आधी मजबूत करायच्या, मदतीचं सामान कुठं ठेवायचं, कुठल्या दवाखान्यावर भरवसा ठेवायचा. भूकंप कधी येणार हे आम्ही सांगत नाही, ते कोणालाच सांगता येत नाही. हे गावोगाव समजावता समजावता घसा बसतो. परवा लालबर्ऱ्याजवळच्या एका गावात एका म्हातारीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, कधी येणार हाये तेवढं सांगून दे. म्हंजे मी त्या दिवशी पोरीकडं जाऊन राहीन." मी हसले, पण ती हसत नव्हती. तिच्या घराच्या भिंती मातीच्या होत्या आणि ती एकटी राहत होती. मी टॅबमध्ये 'माती' आणि 'एक' असं भरलं आणि पुढच्या घरी गेले.

दिल्लीच्या ऑफिसात माझ्या टेबलासमोर देशाचा भिंतीएवढा नकाशा आहे. हिमालयाची कड गडद लाल, कच्छ गडद लाल, ईशान्येचा अख्खा कोपरा गडद लाल. आपला बालाघाट फिक्या रंगात, बोटाच्या पेराएवढा. त्यावर कोणाची नजर थांबत नाही. मला शिकवलं गेलं आहे की धोका नुसता जमिनीत नसतो. जमीन किती हलेल, वर काय उभं आहे आणि त्यात कोण बसलं आहे, या तिन्हींचा मिळून धोका होतो. फिक्या रंगाच्या जिल्ह्यातही कच्ची भिंत माणसाला मारू शकते. हे मी बैठकांमध्ये कितीदा तरी बोलून दाखवलं आहे. बोलताना मला आपलं गाव आठवायचं, पण ते कोणाला सांगितलं नाही. या वेळी नमुन्याच्या जिल्ह्यांत बालाघाट निघाला तेव्हा साहेब म्हणाले, तुम्हाला तिकडची भाषा येते ना, तुम्हीच जा. कुठल्या गावातली कुठली इमारत पाहायची ती यादी मशीन काढते, आमच्या हातात काही नसतं. बुधवारच्या यादीत दुसऱ्या ओळीवर राजेगावच्या रस्त्यावरून आत जाणाऱ्या आपल्या गावाची प्राथमिक शाळा होती. मी ती ओळ जीपमध्ये बसून दोनदा वाचली. ड्रायव्हरनं विचारलं, "चलें मॅडम?"

ती शाळा बांधली जात होती तेव्हा तू तिथं रेजा होतीस, घमेली वाहणारी. जबलपूरकडं जमीन हलली त्याच्या पुढच्या वर्षी. आपल्याकडं तेव्हा नुसती फळीवरची भांडी वाजली होती आणि चार घरांचे कवेलू सरकले होते. मी पाचवीत. आमचे पाचही वर्ग पंचायतीच्या ओसरीत बसायचे आणि शेजारच्या पडीक जागेत आमची नवी शाळा उठत होती. बाबा गेल्यापासून तू बांधकामावरच जात होतीस, पण तोवर दूर, बालाघाटात कुठंतरी. या वेळी प्रथमच मला तू काम करताना दिसत होतीस. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर सिमेंट-रेतीच्या मसाल्याचं घमेलं, एका हातानं पदर कमरेला खोचलेला, आणि तू फळीवरून वर चढते आहेस. पाय कुठं ठेवायचा हे तू पाहत नाहीस, पायालाच ठाऊक आहे. मी पाढे म्हणता म्हणता तुझी फेरी मोजते. संध्याकाळी चुलीपाशी बसून तू सिमेंटनं खाल्लेल्या बोटांना तेल चोळायचीस, मग त्याच हातांनी लाखोरीच्या डाळीला फोडणी द्यायचीस, आणि दिवसभरात काय काय झालं ते सांगायचीस. माणसांचं कमी, भिंतीचं जास्त. आज रेती बारीक होती. आज विटा न भिजवताच लावल्या. मिस्त्री बोलला की 'चालते'. चालते म्हणजे काय चालते?

एका संध्याकाळी तू वेगळ्याच उत्साहात होतीस. त्या दिवशी मोटरसायकलवरून कोणी इंजिनीअर साहेब आले होते आणि त्यांनी मिस्त्रीला, ठेकेदाराला, आणि उभ्या होत्या म्हणून रेजांनाही समजावलं होतं की दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना गुंडाळून सळ्या घालून काँक्रीटचा पट्टा ओतायचा. जमीन हलली की चार भिंती चार दिशांना जायला पाहतात, हा पट्टा त्यांना धरून ठेवतो. तू मला ते दाखवण्यासाठी कोपऱ्यातली सरपणाची मोळी पुढं ओढलीस. "हे पाय. दोरी हाये तं मोळी हाये. सोड दोरी." मी सोडली. लाकडं घरभर पांगली आणि तू हसलीस. तू हसलेली मला फार थोड्या वेळा आठवते, त्यातली ही एक. मला ते पट्ट्याचं त्या दिवशीच समजलं होतं. नागपूरला तिसऱ्या वर्षाला सरांनी फळ्यावर आकृती काढून तेच शिकवायला दोन तास घेतले, तेव्हा मी वहीत काही उतरवून घेतलं नाही.

मग तो दिवस. दुपारची सुट्टी झाली होती आणि आम्ही सगळी पोरं ओसरीच्या पायऱ्यांवर बसून बांधकाम पाहत होतो. पुढच्या भिंतीवर आणि दोन्ही बाजूंना पट्टा ओतून झाला होता. मागच्या भिंतीवर मात्र नुसते दोन खिडक्यांवर दोन तुकडे टाकले होते, आणि मिस्त्री त्यांच्या मधल्या जागेत सरळ विटा चढवायला बसला होता.

"बाई, मसाला आण."

"मागच्या भिंतीले पट्टा नाई टाकला मिस्त्री."

"मागं कोण पाह्यते? पुढं अन् बाजूले टाकला ना."

"साहेब चारी बाजूनं बोलून गेले. तीन बाजूनं दोरी बांधली तं मोळी राह्यते का?"

ठेकेदार कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसला होता. तो तिथूनच ओरडला, "लोहा कमी पडला. तुले काय करायचं? रेजा हायेस, रेजाचं काम कर."

"रेजाच आहो मी. म्हून तं सांगून राह्यली. या भिंतीले मी मसाला देत नाई."

आणि तू घमेलं उलटं टाकलंस आणि त्यावर बसलीस. नुसती बसलीस. आवाज चढवला नाहीस, कोणाकडं पाहिलंसुद्धा नाहीस. बाकीच्या रेजा तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, मजूर हसले, मग पायऱ्यांवरची पोरं हसली. माझ्या शेजारचा म्हणाला, "तुझी माय इंजिनीअर झाली!" आणि ते वाक्य सगळ्या ओसरीत फिरलं. ठेकेदारानं तुला घरी जायला सांगितलं, उद्यापासून येऊ नको म्हणाला. तू उठलीस, चुंबळ झटकलीस, आमच्या पायऱ्यांपाशी आलीस आणि मला म्हणालीस, "चाल घरी." मी म्हटलं, "माझी शाळा आहे." तू एकटीच गेलीस.

संध्याकाळी मी तुझ्याशी बोलले नाही. जेवताना शेवटी राहवलं नाही म्हणून म्हटलं, "तू काय इंजिनीअर आहेस का? सगळे हसत होते. तुले काय करायचं होतं?" पोरांनी तुला मारलेला टोमणा मीच पुन्हा तुला मारला. मला वाटलं तू हात उगारशील. तू चुलीत लाकूड सारलंस आणि म्हणालीस, "त्या खोलीत कोण बसन? मी का?" त्यानंतर त्या विषयावर आपण दोघी कधीच बोललो नाही. ठेकेदारानं सगळीकडं सांगून ठेवलं असावं, कारण राजेगावपासून बालाघाटापर्यंत तुला कोणी कामावर घेईना. तू रोज पहाटेची बस धरून, हद्द ओलांडून महाराष्ट्रात गोंदियाला जायला लागलीस, आणि नवं वर्ष सुरू व्हायच्या आधी मला घेऊन तिथल्या मावशीकडंच राहायला गेलीस. मी मराठी शाळेत जाऊन पडले, हिंदीतून मराठीत आले, मग नागपूर, मग दिल्ली. लोक विचारतात, इंजिनीअरिंगकडं कशा वळलात? मी काहीतरी सांगते.

बुधवारी शाळेत पोचले तेव्हा मुलं पहिल्या दोन तासांना बसली होती. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, मागं आता कुंपण. कडुनिंब तोडलेला. प्रधानपाठिका, म्हणजे मुख्याध्यापिका, पन्नाशीच्या, किल्ल्यांचा जुडगा कमरेला, निम्मं हिंदी निम्मं आपलं बोलणाऱ्या. त्यांनी चहा मागवला आणि लगेच सांगितलं की शाळेचं छत गळतं, ते लिहा. मी दिल्लीची मॅडम होते. हिंदीत बोलत होते. गावात कोणी मला ओळखलं नाही आणि मीही ओळख दिली नाही. आपलं घर होतं तिथं आता कोणाचं तरी दुमजली घर आहे, खाली मोबाईलचं दुकान. मी त्याच्यासमोरून गेले, त्याचाही एक नंबर पडला यादीत.

भिंतीतलं लोखंड शोधणारं एक यंत्र आमच्याजवळ असतं, साबणदाणीएवढं. भिंतीवरून हळूहळू फिरवायचं. आत सळी असली की ते वाजतं. मागच्या खोलीत पहिली-दुसरीची मुलं बसतात. मी पुढच्या भिंतीवर स्टूल लावून यंत्र फिरवायला लागले आणि ते सलग वाजत गेलं. मुलांना गंमत वाटली. प्रत्येक आवाजाला ती 'हौऽ' करून ओरडायला लागली, प्रधानपाठिकाही हसल्या. डावी भिंत, हौ. उजवी भिंत, हौ. मग मागची. तिच्यावर लाल रंगात वीसपर्यंतचे पाढे लिहिले आहेत, आणि एका खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली चीर सातच्या पाढ्यातून खाली उतरते. "दर पंधरा ऑगस्टले पोतून घेतो," प्रधानपाठिका म्हणाल्या, "पुन्हा येते." मी यंत्र खिडकीवर धरलं, ते वाजलं. बाजूला सरकवलं आणि ते गप्प झालं. मुलं वाट पाहत होती. मी हात सरकवत राहिले, दुसऱ्या खिडकीपर्यंत काहीच नाही, तिथं पुन्हा वाजलं. एक पोर म्हणालं, "मशीन बिघड गई क्या मॅडम?" मी स्टूल उचलून परत पुढच्या भिंतीपाशी गेले आणि तपासलं. मशीन नीट होतं.

इथं तुला एक सांगायचं आहे, ते तुला ठाऊक नाही. त्या दिवशी तू निघून गेल्यावर मिस्त्रीनं पायऱ्यांकडं पाहून हाक मारली होती. "ए पोरी, तू तिचीच ना? मायची जिद्द पाह्यली ना? तू आण बरं एक घमेलं." तो थट्टा करत होता. पण सगळी पोरं माझ्याकडं पाहत होती, आणि मला काहीही करून तुझ्या बाजूची राहायचं नव्हतं. मी उठले. दुसऱ्या एका रेजेनं माझ्या डोक्यावर अर्धं भरलेलं घमेलं ठेवलं, मी ते फळीवरून वर नेऊन मिस्त्रीच्या पायाशी ओतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी आणखी तीन वेळा नेलं. त्या मधल्या जागेतल्या काही विटा माझ्या मसाल्यावर बसल्या आहेत, माय. बुधवारी स्टुलावर उभी राहून त्या गप्प यंत्रावर हात ठेवून मी तीच जागा चाचपत होते, आणि खाली तीस मुलं मान वर करून उभी होती.

आमच्या फॉर्ममध्ये पट्ट्याचा एकच प्रश्न आहे: आहे की नाही. अर्धं उत्तर तो घेत नाही. मी व्हरांड्यात जाऊन दिल्लीच्या साहेबांना फोन लावला. ते वाईट माणूस नाहीत, त्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. "तीन भिंतींत आहे ना? मग 'आहे' टाका. देशाच्या आकड्यात एका शाळेनं काय फरक पडतो? उगाच अख्खा नमुना कच्चा दिसेल." खरंच काही फरक पडत नाही. नकाशावरचा तो फिका रंग त्यानं गडद होणार नाही. मी म्हटलं, "सर, तीन बाजूंचा पट्टा म्हणजे पट्टा नाही." ते म्हणाले, "ते मलाही माहीत आहे हो." मी 'नाही' टाकलं. शेऱ्यात सगळं लिहिलं, चिरेचा फोटो जोडला, आणि जिल्ह्याच्या कार्यालयाला वेगळं पत्र दिलं की दुरुस्ती होईपर्यंत ही खोली वापरू नये. पत्र द्यायचं माझं काम नव्हतं.

प्रधानपाठिकांना ते मी आधी तोंडी सांगितलं. त्यांचं हसणं गेलं. "दोनच कमरे आहेत मॅडम. पाच कक्षा आहेत. एक बंद केला तं पोराइले कुठी बसवू? उन्हात?" तोवर दोन पालक आले होते, त्यातला एक मोठ्यानं म्हणाला, "इतने साल से खड़ी है, कुछ नहीं हुआ. ये लोग आते हैं, डराते हैं, चले जाते हैं." मी त्यांना पट्टा समजावायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की मी ऑफिसची भाषा बोलते आहे, कोणाला काही कळत नाही. मोळीचं उदाहरण ओठांवर आलं होतं. ते तुझं होतं, मला तिथं उचलवलं नाही. मी टॅब बंद केला आणि जीपमध्ये जाऊन बसले. मागं कोणीतरी माझी नक्कल केली, ते ऐकू आलं. आपल्याच गावातून मी अशी निघाले.

गुरुवारी कामाचा एक टप्पा लवकर संपला. मिस्त्री अजून आहे असं चौकशीत कळलं होतं, लालबर्ऱ्याच्या बाजूला मुलाकडं राहतो. गेले. अंगणात बाजेवर बसला होता, डोळ्यांत मोतीबिंदू, हात अजून जाडजूड. मी सरकारी कामानं आले आहे आणि शाळेबद्दल विचारायचं आहे म्हटल्यावर आधी घाबरला, मग बोलायला लागला. शाळा त्याला सगळी आठवत होती. पायात दगड लागला होता ते, छत ओतताना पाऊस आला ते. "मागची भिंत? हौ, तिले नाई पट्टा. लोहा आला होता पुरा. ठेकेदाराच्या घरच्या छताले गेला. मी काय करणार होतो बाई, दोन सळ्याइचं काम होतं. दोन सळ्या." तो बोटं दाखवत राहिला. मग विचारलं, "पाडतील का आता?" मी सांगितलं, पाडायची गरज नाही, दोन्ही अंगांनी जाळी मारून आता बाहेरून पट्टा बांधता येतो. त्याला बरं वाटलं.

मग मी विचारलं, "एक रेजा होती. मागच्या भिंतीला मसाला द्यायला तयार नव्हती. घमेलं उलटं टाकून बसली होती." तो आठवायचा प्रयत्न करत होता, हे मला दिसत होतं. मला बरं वाटावं म्हणूनही असेल. "रेजा... बहुत रेजा होत्या बाई. कोणी बसली असन. असन एखादी." त्याच्या सुनेनं चहा आणला. आम्ही चहा प्यालो आणि तो पुन्हा छताच्या वेळच्या पावसाचं सांगायला लागला.

तुला खरं सांगते, मी तिथं त्याच्याकडून कबुली घ्यायला गेले नव्हते. मला वाटलं होतं, निदान एका माणसाच्या डोक्यात ती दुपार असेल. रागानं का होईना, थट्टेनं का होईना. हसणाऱ्या रेजांपैकी कोण कुठं आहे ठाऊक नाही, ठेकेदार कधीच मेला, पायऱ्यांवरची पोरं पुण्या-सुरतेला कारखान्यांत आहेत आणि त्यांना आठवत असलं तर फक्त 'इंजिनीअर' हा शब्द. मी मेले की तू त्या घमेल्यावर बसली होतीस ही गोष्ट जगात कुठंच उरणार नाही. जीपमध्ये परत येताना धानाची शेतं दोन्ही बाजूंना कापून पडली होती, आणि मी ड्रायव्हरशी उगाचच बोलत राहिले, त्याच्या पोरांबद्दल, त्याच्या गावाबद्दल, गप्प बसवेना म्हणून. गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुझा दम इतका वाढला होता की तुला बोलता येत नव्हतं. मी पुलाच्या कामावरून आले, दोन दिवस बसले, आणि तिसऱ्या दिवशी तूच हातानं खूण केलीस, जा. मी गेले. तेव्हा विचारायचं राहिलं की तुला त्या दिवसाचं कधी वाईट वाटलं का.

शुक्रवारी राजेगावच्या रस्त्यावरच दुसरी इमारत होती, म्हणून शाळेवरून गेले. जायचं मनात नव्हतं. पण वळणावरूनच दिसलं की व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या आहेत, पुढच्या बाजूला जुन्या साड्या बांधून सावली केली आहे, आणि पहिली-दुसरीची मुलं तिथं दाटीवाटीनं बसली आहेत. मागच्या खोलीला कुलूप. जिल्ह्याचा हुकूम अजून आलेला नव्हता. प्रधानपाठिका बाहेर आल्या, घामाघूम. "लावलं कुलूप," एवढंच म्हणाल्या आधी. मग म्हणाल्या, "माझी नात पहिलीत हाये. काल तिले त्या भिंतीले टेकून बसलेली पाह्यली अन् मले काही सुचलंच नाई." पालक ओरडले का, मी विचारलं. "ओरडतीलच. ओरडू द्या." काल जिल्ह्याचे एक ओव्हरसिअर येऊन भिंत मोजूनही गेले असं प्रधानपाठिकांनी आज सकाळी फोनवर सांगितलं. काम मंजूर होईल का, कधी होईल, ते मला ठाऊक नाही. मी उद्या परसवाड्याच्या बाजूला जाणार आणि गुरुवारी दिल्लीला.

शुक्रवारी त्यांनी मला लगेच जाऊ दिलं नाही. व्हरांड्याच्या कडेला खुर्ची दिली, मुलांसाठी शाळेत शिजलेलाच डाळ-भात वाढला. मी नकळत त्यांच्याशी आपल्या बोलीत बोलायला लागले होते, अडखळत, पण येत होतं. त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तुमी इकडच्याच का मॅडम? बोली तं इकडचीच वाटते." मी म्हटलं, हौ, आई इथं जवळच होती. "काय करत होत्या तुमच्या आई?"

हा प्रश्न मला नवा नाही. नागपूरच्या होस्टेलवर पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारला होता, आणि माझ्या तोंडून निघालं होतं, शाळेत कामाला होती. खोटं नव्हतं ते. तेव्हापासून वीस-बावीस वर्षं मी तेच सांगत आले. होस्टेलवर, नोकरीच्या मुलाखतीत, दिल्लीत, ज्याच्याशी लग्न होणार होतं आणि झालं नाही त्यालाही. बुधवारी मी फॉर्ममध्ये खरं लिहिलं होतं, साहेबांना न जुमानता लिहिलं होतं, आणि त्याचा थोडा गर्वही मनात होता. आता समोर त्या खोलीचं कुलूप होतं आणि ते लावणारी बाई मला विचारत होती. तिला मी सांगितलं असतं तर तिला समजलं असतं. कदाचित तिच्या डोक्यात तू राहिली असतीस.

मी म्हटलं, "शाळेत होत्या."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे मास्तरीण होत्या? म्हून तुमी इतक्या शिकल्या!"

आणि मी म्हटलं, हौ.